डबीतली मोरी

सुलभाकाकूंच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्या आधी तिच्या कडा बघतात. ताट असो, पुस्तक असो, नाहीतर कुणाच्या वास्तुशांतीला मिळालेली वाटी असो, अंगठा कडेवरून फिरलाच पाहिजे. सवयच तशी. मिनियापोलिसजवळच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. हृदयात बसवायच्या यंत्रांचे बारीक बारीक भाग तिथे बनत, आणि ते भिंगाखाली धरून कडा तपासायच्या, हे काकूंचं काम. कड गुळगुळीत असली तर हिरवं स्टिकर, पास. केसाएवढी खरबरीत लागली तर लाल, रिजेक्ट. साहेब डोक्याशी येऊन उभा राहिला तरी काकूंनी कधी लालाचं हिरवं केलं नाही. त्यांच्या गावातली, ईडन प्रेरीतली मराठी मंडळी म्हणतात, की सुलभाकाकूंकडे करंज्या घेऊन जाऊ नये, त्या खायच्या आधी मुरड तपासतात.

आता अशा बाईनं निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? तर पन्नास वर्षांचा जुना ट्रेलर! गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. गोल कोपऱ्यांचं, पत्र्याचं, जेवणाच्या डबीसारखं. म्हणून त्याचं नावच डबी पडलं. त्यांचा मुलगा देव तेव्हा नुसता बघतच राहिला. "आई, सिरियसली? धिस इज ओल्डर दॅन मी!" काकू म्हणाल्या, "मग काय झालं? तुझे बाबापण तुझ्यापेक्षा ओल्डर आहेत. त्यांना टाकून दिलं का मी?"

ते बाबा म्हणजे दिगंबरकाका. मूळचे कराडचे. इकडे रस्त्यांच्या खात्यात इंजिनियर होते, आणि रस्त्यावरचं पाणी कुठून कसं काढून द्यायचं हेच त्यांनी आयुष्यभर केलं. गाडीतून जाताना पाऊस लागला तर माणसं काचेतून डोंगर बघतात, काका रस्त्याच्या कडेचा ओहोळ बघत. "पाण्याला अडवायचं नसतं गं, वाट द्यायची असते," हे काकूंनी इतक्यांदा ऐकलंय, की काकांनी तोंड उघडायच्या आत त्याच वाक्य पुरं करतात.

डबीत दोन बाकं होती, ती रात्री अंथरुणं व्हायची. एक शेगडी, एक बेसिन, आणि कोपऱ्यात एक बाथरूम. बाथरूम आपलं म्हणायचं. खरं तर कपाटच ते. कमोड आणि शॉवर एकाच खोक्यात, वळलं की कोपर भिंतीला लागतंय. काकांनी पहिल्याच दिवशी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, मोरी आहे की!" तेव्हापासून ती मोरी.

आणि मोरी म्हटल्यावर शॉवर कशाला? काकांना शॉवरखालची आंघोळ कधी आंघोळ वाटलीच नाही. "अंगावर पाऊस पडला म्हणजे काय आंघोळ झाली का?" आयसेलिनला बहिणीकडे गेले असताना त्यांनी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून स्टीलची बादली आणि तांब्या आणला होता. घरी टबात ती बादली, आणि प्रवासात डबीच्या मोरीत. शेगडीवर पातेलंभर पाणी तापवायचं, बादलीत विसण घालायचं, आणि मग तांब्या भरून डाव्या खांद्यावरून धाडकन. प्रत्येक तांब्याला एका नदीचं नाव. गंगा, यमुना, गोदावरी अशी सुरुवात. मग घरची म्हणून कृष्णा आणि कोयना. मग इकडे आयुष्य गेलं म्हणून मिसिसिपी आणि मिनेसोटा. आणि सगळ्यात शेवटी, डबी जिथे उभी असेल तिथलं पाणी. सगळं खणखणीत आवाजात. शेजारच्या तंबूतले गोरे आजोबा एकदा काकूंना विचारायला आले होते, की आत कोणी भांडतंय का.

गंमत म्हणजे, एकदा यादीत आलेली नदी काका पुढे कधी गाळत नसत. "तिच्याकडे राहून आलो, आता तिला विसरायचं होय?" त्यामुळे दर उन्हाळ्यात नद्या वाढत गेल्या आणि नद्यांबरोबर तांबेही वाढत गेले. एका बादलीत उरकणारी आंघोळ बघता बघता दोन बादल्यांवर गेली. काकू बाहेर बाकावर बसून चहा घेत नद्या ऐकायच्या. अमुक नदी आली की पोहे फोडणीला टाकायचे, असा त्यांचा हिशेब बसलेला होता.

मागच्या ऑगस्टमध्ये सुपीरियर सरोवराच्या काठी डबी उभी होती. काकांची आंघोळ झाली आणि काकू दात घासायला मोरीत निघाल्या. उंबऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी पट्टी होती. तिचं एक टोक वर उचकटलं होतं, त्यात पायमोजा अडकला आणि काकू आडव्या झाल्या. उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलात काकू नर्सशी गप्पा मारत होत्या, प्लॅस्टरचा रंग निवडत होत्या. काका मात्र भिंतीकडे बघत बसले होते.

मनगट झालं बरं. बिघडलं ते दुसरंच. काकांनी बादली सोडली. घरी शॉवर सुरू व्हायचा, दोन मिनिटांत बंद व्हायचा, आणि काका पुसून बाहेर. ना गंगा ना यमुना. थंडीत काकू गॅरेजमध्ये गेल्या तर काय, बादलीत बर्फावर टाकायचं मीठ भरून ठेवलेलं! "अहो, स्टीलची बादली आहे ती, डाग पडतील!" काका म्हणाले, "पडू देत." तांब्यात टेबलावरची पेनं उभी होती. आणि मार्चमध्ये एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "सुलभा, डबी विकून टाकू. आता वय झालं."

देवला काय, तेच हवं होतं. त्यानं लगेच गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. त्याच्या ऑफिसातला अमेय, नागपूरचा, नवीन लग्न झालेला, जुन्या वस्तूंचा शौकीन. तो मे महिन्यात एका शनिवारी बघायला येणार असं ठरलंही. डबी गेली तर गेली, काकूंना तिचं एवढं नव्हतं. पण काकांचा तो आवाज आता कायमचाच गेला, असं त्यांना वाटलं. सकाळी बाथरूममधून आवाज आला नाही की त्यांना घरात कुणीतरी आजारी आहे असंच वाटायचं. आणि आजारी तर कुणीच नव्हतं! काकांना विचारावं तर तोंडात मिठाची गुळणी.

"विकायची तर विकू," काकू म्हणाल्या, "पण मोरीची ट्रिम बदलल्याशिवाय नाही. असल्या कडांची वस्तू मी कुणाला देणार नाही." कडांचं निमित्त होतं. खरं म्हणजे त्यांना वेळ हवा होता. मोरी नवी केली, पाय अडकायची भीती गेली, तर काकांचं मन वळेल, असा त्यांचा अंदाज. काका एवढंच म्हणाले, "तुला जमेल ते कर." आणि गॅरेजकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

ट्रिम म्हणजे काय, तर भिंत भिंतीला आणि भिंत जमिनीला मिळते तिथली सांध झाकणारी पट्टी. मोरीतल्या पट्ट्या कधीकाळी पांढऱ्या असतील, आता हळदीच्या बोटांसारख्या पिवळ्या झाल्या होत्या, आणि वाकवल्या की कडाकडा तुटत होत्या. काकूंनी घावनांचा पातळ कालथा घेतला, पट्टीखाली सरकवला आणि हळूच उचकटलं. दुकानात त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं म्हणे. मिळू दे. या कालथ्यानं अख्ख्या सोसायट्या जेवू घातल्या, पट्टी काय चीज आहे!

वरच्या पट्ट्या निघाल्या, त्यांच्यामागे सगळं कोरडं होतं. मग उंबऱ्याची पट्टी काढली, आणि काकू तिथेच मांडी घालून बसल्या. खालचं प्लायवूड काळं पडून शिऱ्यासारखं झालं होतं. कालथा सहज आत जात होता. लाकूड फुगलं, म्हणून पट्टी उचकटली. पण फुगलं कशानं? छतातून गळत नव्हतं. नळाचा पाइप ठणठणीत. शॉवरचं पाणी सरळ खाली पडतं, ते इथवर येतच नाही. इथे पाणी यायचं तर ते डाव्या बाजूनं, खांद्याच्या उंचीवरून, जोरात यायला हवं. काकूंना उत्तर मिळालं. एकेक नदी तिथेच येऊन आपटली होती!

हे एवढंच असतं तर त्या हसल्या असत्या. पण पट्टीची मागची बाजू त्यांनी सवयीनं उजेडात धरली. तिथे सांधी बुजवायच्या सिलिकॉनचे थर होते. एक पांढरा, त्यावर एक बदामी, त्यावर एक पारदर्शक. ट्रेलरच्या कारखान्यात असलं सिलिकॉन लावत नाहीत, हे कुणीतरी मागाहून लावलं होतं, वेगवेगळ्या वर्षी, हातानं. आणि प्रत्येक थरावर अंगठा दाबल्याची खूण होती. रुंद अंगठा, मधोमध आडवी रेघ. नारळ फोडताना कोयता लागला होता, त्याची ती रेघ. तीस वर्षं तो अंगठा काकूंच्या ओळखीचा होता.

म्हणजे यांना माहीत होतं! दर वर्षी पाणी मुरतंय हे दिसत होतं, आणि दर वर्षी हा माणूस चोरून सिलिकॉन लावत होता. आणि मनगट मोडलं तेव्हापासून हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेतोय. बादली बंद, नद्या बंद, डबी विका. आणि बायकोला एका शब्दानं सांगायचं नाही!

काकूंना असा राग आला, की त्या दिवशीच्या पोळ्यांना विचारावं. लाटणं आपटत होतं, तवा आपटत होता. काकांनी दोनदा विचारलं, काय झालं गं. "काही नाही," काकू म्हणाल्या. आता 'काही नाही'चा अर्थ काय होतो हे लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. काका गपचूप जेवून उठले.

रात्रभरात राग निवला, पण अगदी गेला नाही. सकाळी काकूंनी कुजलेलं लाकूड कापून काढलं, जुन्या पट्ट्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या, सिलिकॉनची बाजू वर ठेवून. मग घरात येऊन म्हणाल्या, "अहो, जरा या. उतार कसा द्यायचा ते मला कळत नाहीये."

खोटं होतं ते. उताराचं नेटवर सगळं मिळतं. पण उतार कुणी विचारला आणि काका बसून राहिले, असं आजवर झालं नव्हतं. चप्पल घालून आले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा डबीत पाय टाकला. मोरीच्या दारापर्यंत आले आणि वर्तमानपत्राकडे बघून थांबले.

"हे कुणी लावलं?" काकूंनी विचारलं.

"मीच."

"कधी?"

"दर वर्षी. तू दुकानात गेलीस की."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रिजेक्ट केलं असतंस."

"कशाला? मोरीला?"

"बादलीला." काका बाकावर बसले. "मला कळत होतं गं पाणी कुठे जातंय. जन्मभर दुसरं केलं काय मी? लोकांच्या रस्त्यांचं पाणी काढून दिलं आणि माझ्याच घरात मुरवत बसलो. पण बादली सोडवेना. वाटायचं, एवढं वर्ष निघेल. आणि मग तुझा हात..." त्यांनी काकूंच्या मनगटाकडे बघितलं. "माझ्यामुळे मोडला."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, छे हो, असं काय. काकूंनी तसं काही म्हटलं नाही. "हो, तुमच्यामुळेच मोडला. नाही कशाला म्हणू? पण तो जुळला. डॉक्टरनं जोडला, मी व्यायाम केले, आता बघा, कणीक मळते. तुम्ही मात्र नऊ महिने घरात सुतक पाळलंत आणि मला वाटत राहिलं की माणूस हातातून चालला. त्याचा मला जास्त राग आहे. हात मोडल्याचा नाही. कळलं का?"

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी नुसती मान हलवली.

"आणि यापुढे चोरून काही चिकटवायचं नाही."

"नाही."

"मग उठा आता. उतार सांगा."

काका उठले. आधी नुसते बघत होते, मग बोलायला लागले, मग काकूंच्या हातातून करवतच घेतली. नवं प्लायवूड बसवलं, त्याला रंग दिला. मोरीचा तळ काढून त्याखाली पाचरी ठोकल्या, म्हणजे दाराकडून पाणी जायच्या जाळीकडे उतार. उतार बरोबर आहे का हे बघायला लेव्हल होती, पण काकांनी काकूंना स्वयंपाकघरातून वाळलेले वाटाणे आणायला लावले. दारापाशी वाटाणा सोडायचा आणि जाळीपर्यंत घरंगळतो का बघायचं. एक वाटाणा मध्येच थबकला, तर काकांनी पाचर काढून पुन्हा ठोकली. काकूंना बरं वाटलं, की आपल्यासारखा दुसरा चिकित्सक माणूस घरात आहे.

पट्ट्यांचंही त्यांनी डोकं लावलं. जुन्या पट्ट्या एकीला एक नुसत्या टेकवलेल्या होत्या. "कौलं कशी बसवतात?" काका म्हणाले. "वरचं खालच्यावर चढवून. पाण्याला अडवायचं नसतं..." "वाट द्यायची असते," काकू म्हणाल्या, "द्या ती पट्टी इकडे." नव्या पांढऱ्या पट्ट्या काकूंनी मापून कापल्या, कानशीनं कडा घासल्या, प्रत्येकीवरून अंगठा फिरवला. दोन परत घासायला लागल्या. उंबऱ्याला रुंद पट्टी बसवली, सपाट, आणि तिच्या दोन्ही टोकांना गोलाई दिली. आता पायमोजाच काय, केससुद्धा अडकला नसता.

डबी विकायची की नाही, यावर मात्र कुणी काही बोललं नाही. शनिवार आला. देव अमेयला घेऊन सकाळी उशिरा येणार होता. काकूंनी मिठाची बादली रिकामी करून चिंचेनं घासली. एक डाग राहिलाच. पेनं काढून तांब्या धुतला. डबीच्या शेगडीवर पाणी तापवलं, विसण घालून बादली मोरीत नेऊन ठेवली.

"हे काय?" काका म्हणाले.

"टेस्ट. तपासल्याशिवाय मी वस्तू गिऱ्हाइकाला दाखवत नाही. जा, आंघोळ करा."

काकांनी बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. मग टॉवेल घेऊन आत गेले. काकूंनी बाहेर उंबऱ्याच्या कडेनं कोरडे पेपर टॉवेल अंथरले. एक थेंब आला तरी दिसला पाहिजे. आतून अगदी हळू पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा हळू.

"अहो, तीर्थ शिंपडताय का?" काकू ओरडल्या. "अशी टेस्ट होत नाही. नेहमीसारखं करा!"

आत तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. आणि मग धाडकन पाणी आपटलं. "गंगा!"

"यमुना!"

काकू बाकावर बसल्या. गोदावरी आली. कृष्णा आली, कोयना आली. आवाज आधी जरा फाटका होता, कोयनेला नीट लागला. काकू रडत होत्या आणि हसत होत्या, आणि दोन्ही कुणाला दिसत नव्हतं म्हणून पुसतही नव्हत्या. मिसिसिपीला बाहेर गाडी थांबली. देव आणि अमेय उतरले आणि डबीच्या दारातच थबकले.

"काकू, आत कोण आहे?" अमेयनं घाबरून विचारलं.

"तुझे काका. आंघोळ करतायत."

"ट्रेलरमध्ये?"

"मोरीत." काकूंनी डोळे पुसले. "हे बघ अमेय, तू गुणी मुलगा आहेस, पण डबी विकायची नाही. आत घरात जाऊन बस, मी पोहे करते."

देवनं आईकडे बघितलं. मग मोरीच्या बंद दाराकडे बघितलं. "ही इज डूइंग द रिव्हर्स, नद्या," तो हळूच म्हणाला, आणि अमेयला दंडाला धरून घराकडे घेऊन गेला.

सगळ्या जुन्या नद्या झाल्या. आतून काकांनी हाक मारली, "सुलभा! कसं आहे गं? कोरडं आहे का?"

काकू वाकल्या. पट्टीवरून अंगठा फिरवला, कड गुळगुळीत होती. पेपर टॉवेल एकेक उचलून बघितले. सगळे कोरडे. शेवटचा, डाव्या कोपऱ्यातला, उचलला. त्यावर पावलीएवढा ओला डाग होता.

काकूंनी तो टॉवेल घडी करून खिशात घातला.

"कोरडं ठणठणीत!"

"पास?"

"पास!"

"मग जूनमध्ये कुठली नदी, ते ठरव," काका आतून म्हणाले, आणि बादली खाली खरवडून शेवटचा तांब्या भरला.

काकू पोहे भिजवायला निघाल्या. सिलिकॉनची नळी गॅरेजमध्ये होती. उद्या काका फिरायला गेले की तेवढा कोपरा अंगठ्यानं दाबून घ्यायचा, त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.